हौसेला गियर असतो!

मागच्या सेमची ओरल. एक्स्टर्नल सर कडक म्हणून आधीच बोंबाबोंब झालेली. माझ्या आधीचा रोल नंबर तीन मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर आला होता. मी गणपतीचं नाव घेऊन आत गेले आणि नशिबाने प्रश्न आला मल्टिप्लेट क्लचचा. म्हटलं, चला, सुटलो! फ्रिक्शन प्लेट, प्रेशर प्लेट, स्प्रिंग, मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्ये का बुडवतात, कमी जागेत जास्त टॉर्क कसा जातो... मी जी सुरू झाले ती थांबेचना. सर मान डोलवत होते. शेवटी फाईलवर सही करता करता त्यांनी सहज विचारलं,

"गाडी चालवता का?"

"हो सर."

"कुठली?"

"स्कूटी."

सर हसले. "म्हणजे क्लच पुस्तकातच दाबलाय म्हणा!"

मार्क चांगले पडले, ती तक्रार नाही. 'सर, स्कूटीतही सेंट्रिफ्युगल क्लच असतो, फक्त तो आपला आपण लागतो' हे उत्तर मला बाहेर आल्यावर सुचलं. असली उत्तरं आपल्याला नेहमी दार बंद झाल्यावरच सुचतात. पण रात्री मेसमध्ये वरण-भात कालवताना ते वाक्य परत आठवलं आणि घास घशातच अडकला. कारण ते खरं होतं.

आमचं गाव तासगावच्या बाजूला. घरी दोन म्हशी, थोडी द्राक्षबाग आणि अण्णांची पॅशन. माझा धाकटा भाऊ आठवीत असताना ती गाडी शिकला. म्हणजे शिकवावी कुणी लागलीच नाही. अण्णांनी एकदा चावी दिली, तो बागेच्या वाटेवर दोनदा पडला, गुडघे फोडून घेतले, तिसऱ्या दिवशी गावातून चक्कर मारून आला. आईने हळद लावली आणि शेजारणींना कौतुकाने सांगितलं. मी तेव्हा दहावीत. मी म्हटलं, "अण्णा, मलापण शिकवा की." अण्णा म्हणाले, "तुला काय गरज? कुठं जायचं असलं तर हा सोडंल की." आठवीतलं पोर, लायसन्सचा पत्ता नाही, ते मला सोडणार! पण तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. मी निमूटपणे एका बाजूला पाय सोडून मागे बसत राहिले. कॉलेजला आल्यावर स्कूटी मिळाली ती मामेबहिणीची, जुनी. तीही 'बसस्टँडवरून हॉस्टेल लांब पडतं' म्हणून.

आता आमच्या मेसच्या मावशी. तुम्ही सगळे त्यांना चपात्यांमुळे ओळखता. पण पहाटे साडेपाचला त्या गेटमधून कशा येतात ते पाहण्यासाठी तेवढ्या लवकर उठावं लागतं, म्हणून ते फार थोड्यांना ठाऊक आहे. पदर घट्ट खोचलेला, साडीवर नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्यावर हेल्मेट, खाली स्प्लेंडर आणि मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन. सात किलोमीटरवरून, रोज. ओरलच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम उठून गेटवर उभी राहिले. म्हटलं, "मावशी, तुम्ही गाडी कधी शिकलात?"

"मालकांचा पाय मोडला तवा," त्या कॅन उतरवत म्हणाल्या. "दोन महिनं खाटंवर. डेअरी चार किलोमीटर. पैल्या दिवशी दीराला सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुतण्याला. तिसऱ्या दिवशी कुणीच नव्हतं, दूध नासलं. त्या रातीला मालकास्नी म्हटलं, सांगा गियर कसा टाकायचा. त्यांनी खाटंवरनं सांगितलं आन् मी अंगणात टाकला."

"लोक काही बोलले नाहीत?"

"काय बोलत्यात? नड हुती नव्हं."

मग थोडं थांबून, गाडी स्टँडला लावत त्या हसून म्हणाल्या, "पर पोरी, नड हुती ती दोन म्हयन्याची. त्याला आता नऊ वर्सं झाली. मालक कधीच बरं झाले, पर गाडी काय मी माघारी दिली न्हाई."

हे वाक्य मी त्या दिवशीच्या सगळ्या लेक्चरना मनात घोळवत बसले.

अशा रीतीने आमचा क्लास सुरू झाला. रविवारी सकाळी, लेडीज हॉस्टेलच्या मागच्या ग्राउंडवर, वॉचमन काकांच्या साक्षीने. विद्यार्थिनी एक, फी म्हणून पेट्रोल माझं. (आधी लर्निंग लायसन्स काढलं. त्याची गंमत वेगळीच. 'गियर असलेली' आणि 'गियर नसलेली' असे मोटरसायकलचे दोन वेगळे प्रकार असतात. फॉर्म भरून देणाऱ्या दादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न विचारताच बिनगियरवर खूण केली! मी ती खोडायला लावली. म्हणाले, "मॅडम, टेस्ट अवघड जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे.")

पहिला धडा क्लचचा. ज्या विषयात मी नुकतेच झेंडे लावून आले होते, त्यात सलग सहा वेळा गाडी बंद पाडली. खटकन सोडायची आणि गाडी उडी मारून गप्प. फ्रिक्शन प्लेट किती असतात ते मला पाठ होतं, पण त्या नेमक्या कुठे एकमेकींना धरतात ते डाव्या हाताला माहीतच नव्हतं! मावशींनी एकदाच सांगितलं, "लेकरू निजवल्यावर त्याच्या मानंखालचा हात कसा काढतीस? तसा सोड." सातव्यांदा गाडी हलली. तुम्हाला सांगते, क्लचची यापेक्षा चांगली व्याख्या मला कुठल्याच पुस्तकात सापडलेली नाही.

दुसरा धडा वळणाचा. थिअरी ऑफ मशीन्समध्ये आपण सगळ्यांनीच ते गणित केलंय. वळणावर दुचाकी किती कलते? वेग ताशी 30 किलोमीटर, वळणाची त्रिज्या 15 मीटर, तर सुमारे 25 अंश, आणि चाकांच्या जायरोस्कोपिक कपलमुळे वर थोडं. कागदावर मी दोन मिनिटांत 25 अंश कलते. ग्राउंडवर ताशी दहालाही अंग ताठ! गाडी एकीकडे, मी दुसरीकडे. मावशी ओरडायच्या, "गाडीसंगं जा, गाडीसंगं!"

आणि तिसरा धडा पडण्याचा. हळू येऊन थांबताना हँडल वळलेलं होतं आणि मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला. बस्स. गाडी उजवीकडे आडवी, मी बाजूला. हेल्मेट, बूट होते म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. तेवढ्यात कंपाउंडपलीकडून सकाळी पळायला निघालेल्या बॉईज हॉस्टेलच्या चौघांनी पाहिलं आणि मदतीला धावले. (नावं घेत नाही, त्यांचा हेतू चांगला होता.) मावशींनी त्यांना हात दाखवून जागीच थांबवलं. "तिनंच पाडलीया, तीच उचलंल."

स्प्लेंडर सुमारे 110 किलोची. मी 48 किलोची. हँडल धरून कमरेत वाकून ओढलं, गाडी ढिम्म. मावशी म्हणाल्या, "आधी चावी बंद कर. गियरमधी ऱ्हाऊ दे, म्हंजी सरकायची न्हाई. ह्या अंगावर पडलीया तर पलीकडचा स्टँड आधीच काढून ठेव. आता पाठ लाव सीटला, एक हात हँडलला, एक मागं. कंबर वाकवू नगंस, पायानं उठ आन् मागं मागं चाल." मी तसं केलं. आणि गाडी उठली हो! त्या रात्री मी वहीत फ्री बॉडी डायग्राम काढलं. गाडी टायरवर फिरते, म्हणजे टेकू तिथे. गुरुत्वमध्य साधारण अर्ध्या उंचीला, आपला हात त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर. म्हणजे 110 किलोतला निम्म्याहून जास्त भार आपल्याला येतच नाही, आणि गाडी जसजशी उभी होते तसतसा तोही कमी होत जातो. बाकी काम मांड्यांचं. 'मुलींना गाडी झेपत नाही' हे मी आयुष्यभर ऐकत आले, पण गणित करून कुणी पाहिलं नव्हतं. मीसुद्धा!

त्याच आठवड्यात वाचनात आली ती बिएट्रिस शिलिंग. इंग्लंडची ही बाई 1909 सालची. चौदाव्या वर्षी तिने पहिली मोटरसायकल घेतली. पुढे मँचेस्टरला इंजिनिअरिंग केलं आणि 1934 साली ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर 500 सीसीच्या नॉर्टनवर ताशी 106 मैलांचा, म्हणजे जवळपास 170 किलोमीटरचा लॅप मारून गोल्ड स्टार मिळवला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांची मर्लिन इंजिनं विमानाने एकदम नाक खाली घातलं की गचकायची. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर फेकलं जायचं आणि पुढच्या क्षणी गरजेपेक्षा जास्त आत यायचं. 1941 मध्ये शिलिंगबाईंनी त्यावर उपाय काढला तो म्हणजे भोक पाडलेली एक छोटीशी पितळी टोपी. इंजिनला लागेल तेवढंच पेट्रोल तिच्यातून जाई. ती बसवायला बाई आपल्या पथकासह तळातळावर गेल्या. आता मला सांगा, चौदा वर्षांच्या त्या मुलीला मोटरसायकलची 'गरज' काय होती? काहीच नाही. हौस होती. पुढचं सगळं त्या हौसेला आलेलं फळ.

इथेच सगळी मेख आहे, मित्रमैत्रिणींनो. आपल्याकडे बाईने गाडी चालवली तर लोक कारण शोधतात. नवऱ्याचा पाय मोडला, भाऊ नाही, नोकरी लांब आहे. कारण सापडलं की 'बिचारी!' म्हणून माफ. मुलाला कुणी कारण विचारतं का? 2011 मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे यांनी बायकर मुलींसाठी 'बायकर्नी' काढली. 2018 च्या प्रजासत्ताक दिनी सीमा सुरक्षा दलाच्या 'सीमा भवानी' पथकातल्या मुलींनी राजपथावर बुलेटवर कसरती केल्या. 2019 मध्ये बंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेने बाहा रॅलींचा विश्वचषक महिला गटात जिंकला. यातली कुठलीच गाडी दूध नासतंय म्हणून सुरू झालेली नव्हती.

दिवाळीत गावी गेले तेव्हा पक्कं लायसन्स खिशात होतं. पहाटे अण्णा डेअरीला निघाले. मी चावी मागितली. त्यांनी लायसन्स उलटसुलट करून पाहिलं. अपेक्षित प्रश्न आलाच, "गरज काय?" भाऊ पलीकडे ओट्यावर चहा पीत बसला होता, धडधाकट. खोटं कारण सांगायला जागाच नव्हती. मी म्हटलं, "काही नाही अण्णा. चालवावीशी वाटते."

अण्णा बराच वेळ गप्प. मग दुधाची किटली घेऊन मागे बसले.

डेअरीपुढे दहा-बारा माणसं. चढावर एकदा गाडी बंद पडली, अण्णा चकार शब्द बोलले नाहीत. मी गाडी लावली तसं फॅट काढणाऱ्या तात्यांनी विचारलं, "काय अण्णा, पोरगं गावाला गेलं काय?"

"न्हाई, घरातच हाय."

"मग?"

अण्णांनी किटली पुढे केली. "तिला हौस हाय," म्हणाले.

तर सूचना अशी : दर रविवारी सकाळी साडेसहा, एल.एच.च्या मागचं ग्राउंड. मावशींची आणि रेक्टर मॅडमची परवानगी घेतलेली आहे. लर्निंग लायसन्स, हेल्मेट आणि बूट सक्तीचे, पेट्रोल आपापलं. पाडणाऱ्याने गाडी स्वतः उचलायची. कारण विचारलं जाणार नाही.

- एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, मेकॅनिकल