रेफ्रिजरेटर मदर

१९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही अवस्था जन्मजात असावी, असे त्यांनी त्यातच नोंदवले होते. लोकांच्या स्मरणात राहिला तो पालकांच्या भावनिक कोरडेपणाचा उल्लेख. पुढे ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्दच रूढ झाला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी (तेही स्वमग्न मुलाचे वडील) जैविक कारणे मांडून हा आरोप खोडला. ग्रंथाला प्रस्तावना खुद्द कॅनर यांची. तरीही १९६७ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम यांचे आईलाच दोष देणारे पुस्तक गाजले.

आमच्या नातलगांनी यांपैकी एकही नाव ऐकलेले नाही. तरी धाकट्या भावाच्या निदानानंतर त्यांनी आईलाच विचारले : नोकरीपायी लेकराकडे दुर्लक्ष झाले ना? कुकरची शिट्टी त्याला असह्य होते, हे प्रथम तिनेच ओळखले. आजही डाळ शिजते ती तो शाळेत गेल्यावर.