चांदवडची चित्रवही

मुंबई-आग्रा महामार्गावरील चांदवडला अहिल्यादेवी होळकरांचा (१७२५–१७९५) रंगमहाल आहे. नातीला शाळेच्या चित्रकला प्रकल्पासाठी तेथे नेले. ती मोबाईलवर भराभर छायाचित्रे घेऊ लागली, तेव्हा तिच्या हाती वही दिली. लाकडी खांबांवरील नक्षी, भित्तिचित्रांत उरलेले रंग, उजेडाची दिशा आणि मनात आलेली कल्पना, सारे तिने जागीच टिपले. पेढीवर रोजमेळ त्याच दिवशी लिहितात, तसेच हे. पुढे डोंगरातील जैन लेण्यात रेखाटन करताना, सारख्या दिसणाऱ्या तीर्थंकरमूर्ती लांछनावरून ओळखाव्यात, हे तिला उमगले. जुने रंग पुसट होतात. आजची बारीक नोंद उद्या जीर्णोद्धारासही उपयोगी पडेल. दर्शनास जाताना मुलांजवळ वही-पेन्सिल अवश्य द्यावी.