पिंजाऱ्याच्या घरातली टकळी

आमच्या मोहल्ल्यातल्या बालवाडीत मी आठवड्यातून तीन दिवस जाते. चार ते सहा वर्षांची मुलं आहेत. रंगकाम झालं, कागदाच्या होड्या झाल्या. मग वाटलं, यांना कापूस द्यावा हातात. मराठवाड्यातलं गाव आमचं, चारही बाजूंनी कापूस, पण तो मुलांना दिसतो फक्त ट्रॅक्टरमध्ये भरलेला. बोंडापासून दोरीपर्यंतचा रस्ता त्यांनी स्वतःच्या बोटांनी चालावा असं मनात आलं. आणि तो शिकवायचा तर आधी मला शिकणं भाग होतं.

ऐकणाऱ्याला हसू येईल, कारण आम्ही पिंजारी. कुठे नदाफ म्हणतात, कुठे मन्सूरी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजून देणं हा पिढ्यांचा धंदा. तरी माझ्या पिढीत कुणाला सुताचा एक तार काढता येत नाही.

अम्मीला विचारलं तर ती आधी चिडलीच. "तीस साल हो गये छोडके. अब किसकू सिखाती तू?" तिचा राग मला कळतो. अब्बा खांद्यावर धनुकली घेऊन गावोगाव फिरत. आतड्याच्या तातीवर लाकडी ठोकणा बसला की तात थरथरते आणि दाबलेला कापूस उडून मोकळा होतो. ज्यांनी तो आवाज लांबून ऐकला त्यांना तो गोड आठवतो. आमच्या घरात त्या आवाजापाठोपाठ अब्बांचा खोकला यायचा. कापसाची धूळ छातीत बसते. पिंजायचं यंत्र आलं तेव्हा अब्बांचं काम गेलं, पण अम्मीने त्या यंत्राला कधी शिव्या दिलेल्या मला आठवत नाहीत. म्हणून हस्तकलेबद्दलचे हळवे लेख मी जरा सांभाळूनच वाचते.

शेवटी अम्मी बसली. आधी सरकी काढायची. पोळपाटावर कापूस ठेवून त्यावर पातळ लोखंडी सळई दाबून फिरवली की सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. मग रुई बोटांनी विंचरून, काडीभोवती गुंडाळून पेळू करायचा. मग टकळी. एका हाताने फिरवायची, दुसऱ्या हाताने पेळूतून तंतू सोडत राहायचं. पीळ कमी पडला तर तार तुटतो, जास्त झाला तर त्याला गाठी पडतात. मला तीन आठवडे लागले. अम्मी मधूनच टकळी हिसकावून घ्यायची आणि तिच्या बोटांतून तार असा निघायचा की जणू तो आत आधीपासूनच होता.

एवढ्या लहान मुलांना टकळी जड जाते. त्यांच्यासाठी मी दोरी निवडली. दोन मुलांनी सुताची दोन टोकं धरून उलट दिशांना पीळ देत राहायचं. भरपूर पीळ बसला की दोरी ताणलेलीच ठेवून मधोमध दुमडायची आणि सोडायची. दोन्ही पदर आपणच एकमेकांना मिठी मारतात. पहिल्यांदा हे झालं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला, आणि मग "आपा, परत!" म्हणून जो गोंधळ उडाला, तो घंटा होईपर्यंत थांबला नाही. एकाने त्या दोरीचा कासरा करून मित्राला बैल बनवलं. एकीने आजीच्या तसबीहला लावायला नेली. शेजारच्या आळीतली एक मुलगी म्हणाली, आमची आजी पण कापूस वळते, देवासाठी. दुसऱ्या दिवशी तिने वाती आणि गेजवस्त्र आणून दाखवलं. त्या आजीने कापूस न तोडता ज्या हलक्या हाताने ओढला होता, तो हात मला अजून जमलेला नाही. मी आता तिच्याकडेही जाते.

हे सगळं नवीन नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेनंतर नयी तालीमचा आराखडा करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन होते. पुढे ते राष्ट्रपती झाले हे सगळ्यांना माहीत असतं, हे सहसा नसतं. त्या आराखड्यात कातण्यासारखं हातकाम हा शिक्षणाचा कणा होता. मुलांच्या मालातून शाळेचा खर्च निघावा, असंही गांधीजींचं म्हणणं होतं, आणि त्यावर तेव्हाही टीका झाली. मला ती टीका पटते. आमच्या वर्गात सूत मोजत नाही, विकत नाही. तुटलं तर तुटलं.

तरी एक पालक आलेच. "आपा, आम्ही मोठ्या मुश्किलीने यातून बाहेर पडलो. पोरीला परत पिंजारी करता का?" शाळेत असताना 'पिंजारी' ही हाक मीही ऐकली आहे, त्यामुळे त्यांना उलट उत्तर देणं मला जमलं नाही. पण त्यांच्या टेम्पोवर मागे मोठ्या अक्षरांत 'मन्सूरी' लिहिलेलं आहे. हे नाव मन्सूर अल-हल्लाजवरून आलं असं आपल्यात अभिमानाने सांगतात. इसवी सन 922 मध्ये बगदादला ज्यांना देहदंड झाला, ते सूफी. आणि अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. आपल्याला मन्सूर चालतो, हल्लाज चालत नाही. एवढं मी त्यांना सांगितलं. ते हसले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत. मुलगी दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि थेट कापसाच्या टोपलीजवळ जाऊन बसली.

आता बुधवारी अम्मीही येते. मुलं तिला दादी म्हणतात. माळ्यावर धनुकली आहे हे त्यांना कुठूनतरी कळलंय, रोज मागतात. अम्मी टोपलीतला कापूस त्यांच्यापुढे सरकवते आणि म्हणते, "वो नै. ये लो, ये करो."