शिक्का आणि पत्र



दर वेळी आम्ही वचनाचा एखादा भाग घेऊन लिहितो. आज मात्र आमची साक्ष सांगणार आहोत. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली, त्या दिवसाची.

त्या दिवशी रोमला जायचं आमचं ठरलं होतं. पौल जिथे बेड्यांत राहिला ते शहर एकदा पाहावं, दिवसभर दोघांनी हिंडावं, खावं, एवढीच हौस. दहा वर्षं पैसे बाजूला टाकले. मग आई आजारी पडल्या. ते पैसे त्यांच्या उपचाराला गेले, आणि दोन महिन्यांत आईही प्रभूकडे गेल्या. पैशांचं दुःख आम्ही केलं नाही. पण आमच्यात एक गोष्ट राहून गेली. आमच्यातला नवरा तेव्हा नोकरीमुळे बाहेरगावी होता. घरी आईंजवळ बायको होती. पहिला त्रास झाला तेव्हा तिने फोनवर सांगितलं होतं, "थोडं थांबू या, नाताळ झाल्यावर नेऊ." ते तीन आठवडे नवऱ्याच्या मनात रुतून बसले. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तीन वर्षं आम्ही एकाच बाकावर बसून उपासना केली, शब्बाथ शाळा घेतली, पण घरात बोलणं उरलं ते भाजीचं आणि लाइट बिलाचं.

रोम राहिलं, तेव्हा भालकीहून सकाळची एसटी धरून आम्ही बीदरला गेलो. लहानपणापासून बीदरला येतोय, पण कामासाठी. कोर्ट, दवाखाना, बाजार. शहर म्हणून ते कधी पाहिलंच नव्हतं. बसस्टँडजवळ गरम इडली-वडा आणि चहा घेऊन किल्ल्यात गेलो. खडकात कोरलेला तिहेरी खंदक, रंगीन महालातल्या काळ्या दगडावर शिंपल्याची जडण. पाहायला पुष्कळ होतं. आम्ही एकमेकांचे फोटो काढले, जास्त बोललो नाही.

तिथून महमूद गवानच्या मदरशाला आलो. हा गवान मूळचा इराणमधल्या गिलानचा. व्यापारासाठी बीदरला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. 1472 साली त्याने हे विद्यालय बांधलं. तीन मजले, विद्यार्थ्यांच्या खोल्या, मोठा ग्रंथसंग्रह. पुढे 1696 साली, औरंगजेबाच्या काळात, इथे साठवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग उडाला. समोरच्या दोन मिनारांपैकी एकच उरलाय. त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अजून उन्हात चमकतात.

पण आम्हाला धरून ठेवलं ते गवानच्या शेवटाने. दरबारातल्या शत्रूंनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला हाताशी धरून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला राज्यावर चाल करून येण्याचं आमंत्रण लिहिलं. सुलतानाने गवानला बोलावून ते पत्र दाखवलं. शिक्का आपलाच, पण पत्र आपलं नाही, असं त्याने सांगितलं. सुलतान नशेत होता. त्याने पुढे चौकशी केली नाही. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाला 1481 साली तिथेच मारलं गेलं. सत्य मागाहून कळलं. सुलतान पस्तावला, पण वर्षभरातच तोही गेला.

आम्हाला लगेच नाबोथ आठवला (1 राजे 21). तिथेही ईजबेलने अहाबाच्या नावाने पत्रं लिहिली आणि त्यावर राजाचा शिक्का मारला. नगरातल्या वडीलजनांनी शिक्का पाहिला, आणि एका निर्दोष माणसाला दगडमार झाला.

दुपारी एका खानावळीत जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, भरलेली वांगी, आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी अगदी आईंच्या हातासारखी. दोघांचेही घास थांबले. मग बायको म्हणाली, "तो शिक्का माझा होता. पत्र माझं नव्हतं."

नवऱ्याला आधी कळलंच नाही. तिने सांगितलं. नाताळापर्यंत थांबायचं आईंनीच ठरवलं होतं. सगळी नातवंडं येणार होती, त्यांना एकदा घरात एकत्र बघायचं होतं. "मुलाला सांगू नकोस, तो धावत येईल," अशी त्यांनी शपथ घातली होती. ती शपथ तिने त्यांच्या मरणानंतरही पाळली, आणि दोष स्वतःवर घेतला. नवऱ्याने भाकरी खाली ठेवली. माफी मागायला शब्द सापडेनात. एवढंच म्हणाला, "मी विचारलं का नाही?" खानावळवाल्याने न मागता आणखी दोन भाकऱ्या आणून टाकल्या आणि आम्ही दोघं रडता रडता हसलो.

संध्याकाळी चौबाऱ्याजवळच्या गल्लीत बिदरी काम पाहायला थांबलो. जस्त आणि थोडं तांबं यांचं ओतीव भांडं, त्यात कोरून बसवलेली चांदीची तार. शेवटी किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून भांडं त्याने घासतात. जस्त काळंभोर होतं, चांदी तशीच राहते. कारागीर म्हणाला, "माटी दोनोंकू लगती, चांदी काली नै होती." तीन वर्षं आमच्या घरालाही तीच माती लागत होती. आम्ही फक्त काळं बघत होतो. आम्ही लहानसा बिदरी क्रूस घेतला. रोमच्या पैशांत बसला असता त्याहून पुष्कळ स्वस्त!

प्रियांनो, प्रभू येशूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितलं आहे की वेदीशी दान आणलं असताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेवून आधी समेट करावा (मत्तय 5). तो भाऊ आम्ही नेहमी मंडळीत शोधला. तो जेवणाच्या ताटासमोर बसलेला असतो, हे लक्षात आलं नाही. तुमच्या घरातही एखादं न विचारलेलं वाक्य असेल. शिक्का दिसतोय म्हणून पत्र खरं धरू नका. आजच विचारा. सुलतानाला उशिरा कळलं. आम्हाला प्रभूने वेळेत कळवलं, ही त्याची कृपा.

हे स्वर्गीय पित्या, ज्यांना आम्ही न विचारता दोषी ठरवलं त्यांच्याकडे जायला आम्हाला नम्र कर. ज्यांनी आमच्यासाठी गप्प राहून सोसलं त्यांना सांत्वन दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.