साध्या गाडीने जपान, बोटीने कोरिया

ऑक्टोबर २०२३मध्ये जपान रेल्वेने, म्हणजे जेआरने, परदेशी पाहुण्यांच्या लाडक्या रेल पासचा भाव एका झटक्यात वाढवला. सात दिवसांचा पास २९,६५० येनांना मिळायचा, तो ५०,०००वर गेला. येनाचे रुपये करायचे तर निम्मे करून वर थोडे धरावेत, म्हणजे धक्का केवढा होता ते कळेल. तोवर सगळ्यांचा शिरस्ता एकच होता. पास घेऊन तोक्योला उतरायचं, शिनकानसेन या वेगवान गाडीने क्योतो, ओसाका, हिरोशिमा उरकायचं आणि परतीचं विमान गाठायचं. आता तोक्यो-हिरोशिमा जाऊन-येऊन सुटी तिकिटं काढली, तरी चाळीस हजार येनांच्या आसपास भागतं. पास अंगावर येतो.

म्हणून जपान महाग झाला, अशी हाकाटी सुरू झाली. ती अर्धीच खरी आहे. जुलै २०२४मध्ये एका डॉलरला १६१ येन मिळत होते; १९८६नंतर येन इतका खाली कधी आला नव्हता. महाग झालाय तो वेगाचा आणि गर्दीचा जपान. २०२४ या एका वर्षात तिथे ३ कोटी ६८ लाख परदेशी पाहुणे गेले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याच चार-पाच शहरांतल्या खोल्या अडवल्या. स्वस्तातला जपान या गर्दीच्या शेजारीच आहे, फक्त तो पाहुण्यांसाठी उभारलेला नाही. सुट्टीत भटकणारे विद्यार्थी, रोजंदारीवरचे मजूर, पायी निघालेले यात्रेकरू यांच्यासाठी तो तयार झाला. सॅकवाल्याने मुकाट त्यांच्या मागोमाग जावं.

आधी विद्यार्थी. १९८२ साली, रेल्वे अजून सरकारी असताना, सुट्टीच्या दिवसांत रिकाम्या धावणाऱ्या पॅसेंजर गाड्या भराव्यात म्हणून एक तिकीट निघालं. त्याचं आजचं नाव ‘सेइशुन जुहाची किप्पु’. नावातल्या ‘जुहाची’चा अर्थ अठरा असला तरी वयाची अट नाही. निवृत्त आजोबाही ते घेऊन खुशाल हिंडतात. वसंत, उन्हाळा आणि हिवाळा अशा शाळांच्या सुट्ट्यांतच ते चालतं. शिनकानसेन नाही, एक्स्प्रेस नाही. जेआरच्या साध्या आणि रॅपिड गाड्यांत मात्र दिवसभर कितीही वेळा चढा-उतरा. पूर्वी त्याचे पाच दिवस हवे तेव्हा सुटे वापरता येत, पाच जणांत मिळून एका दिवसात संपवताही येत. २०२४च्या हिवाळ्यापासून ती चैन गेली. आता सलग तीन दिवसांचं १०,००० येनांना आणि सलग पाच दिवसांचं १२,०५० येनांना मिळतं, आणि ज्याचं त्यानेच वापरायचं. जुने भिडू यावर चिडले, आणि त्यांचा राग रास्त होता. मध्ये दोन दिवस एका गावात रमायची सोय या बदलाने काढून घेतली. तरी पाच दिवसांच्या तिकिटात दिवसाला २,४१० येन पडतात, आणि तोक्यो ते क्योतो साध्या गाडीचं नुसतं सुटं भाडंच आठ हजारांवर आहे.

हे अंतर ५१३ किलोमीटरचं. शिनकानसेन ते सव्वादोन तासांत कापते. साध्या गाड्यांनी, बदलाबदलीसकट, नऊ तास धरायचे. आतामीला एका रेल्वे कंपनीची हद्द संपून दुसरीची सुरू होते आणि पुढे शिझुओका प्रांत संपता संपत नाही. खिडकीला पाठ लावून बसायची लांबलचक बाकं, दर स्टेशनात थांबा, चढून दोन स्टेशनांत उतरणारी शाळकरी पोरं. हवा स्वच्छ असेल तर उजव्या हाताला फुजी बराच वेळ सोबत करतो. शिनकानसेनमधून तो फोन बाहेर काढेपर्यंत मागे गेलेला असतो.

खरी गंमत ओगाकीला. नागोयाकडून भरून आलेली गाडी इथे संपते आणि माइबाराकडे जाणारी पुढची गाडी तिच्याहून बरीच आखूड असते. मध्ये मिनिटं मोजकीच. गाडी फलाटाला लागायच्या आधीच मंडळी सॅक छातीशी घेऊन दाराला खेटतात. दार उघडलं की धूम! जिना, पूल, पुन्हा जिना. ज्यांच्या रांगांचे गोडवे जगभर गायले जातात तीच ही माणसं. तिथल्या रेल्वेवेड्यांनी या धावपळीला ‘ओगाकी डॅश’ असं नावच देऊन टाकलंय. जड सॅकवाल्याने या शर्यतीत उतरू नये, मागची गाडी धरावी. तशीही पुढे सेकिगाहाराची खिंड आहे, आणि १६०० साली जिथे लढाईत जपानच्या पुढच्या अडीच शतकांचा निकाल लागला ते मैदान बघायला मध्येच उतरलं तरी तिकिटाला काही होत नाही. माइबारापासून मात्र नशीब पालटतं. तिथून क्योतो, ओसाका, कोबे, हिमेजीपर्यंत ‘शिनकाइसोकु’ ताशी १३० किलोमीटरने पळते आणि जादा पैसा घेत नाही.

सुट्ट्यांचा हंगाम नसेल तर रात्रीची बस. तोक्योत शिंजुकूला २०१६मध्ये मोठा बस टर्मिनस झाला. तिथून ओसाका-क्योतोच्या गाड्या रात्री सुटतात आणि आडवारी भाडं चार-पाच हजार येनांपर्यंत खाली येतं. एका रात्रीचा मुक्काम वाचतो, हे खरं. पण पहाटे सहाला अनोळखी शहरात अवघडलेल्या पाठीने उतरायचं आणि दुकानं उघडायची वाट बघायची. लागोपाठ दोन रात्री हा प्रयोग कोणी करू नये.

मुक्कामासाठी मजुरांच्या वस्त्या. तोक्योत मिनामी-सेंजु स्टेशनजवळची सान्या आणि ओसाकात शिन-इमामिया स्टेशनच्या दक्षिणेची कामागासाकी. दुसऱ्या महायुद्धानंतर शहरं पुन्हा उभी राहिली, १९६४च्या ऑलिंपिकसाठी रस्ते आणि स्टेडियमं झाली, तेव्हा हजारो मजूर इथल्या खोल्यांत राहत. पहाटे नाक्यावर उभं राहायचं, ट्रक येईल त्यात चढायचं, रात्री परत. पुढे कामं आटली, मजूर म्हातारे झाले, खोल्या ओस पडल्या. मालकांनी त्याच खोल्यांना वाय-फाय लावलं आणि दारावर इंग्रजी पाटी टांगली. तीन तातामींची खोली, म्हणजे गादी टाकली की सॅकपुरती जागा उरते. न्हाणीघर सगळ्यांना मिळून एक. भाडं अडीच ते साडेतीन हजार येन, आणि हल्ली शहरभर डॉर्मिटरीतला नुसता बंकही त्याहून महाग पडतो. शिन-इमामियाला २०२२मध्ये होशिनो रिसॉर्ट्‌सचं मोठं हॉटेल उघडलं, त्यामुळे स्वस्ताई इथे किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही. या गल्ल्यांतून फिरताना कॅमेरा आत ठेवावा. रस्त्यावर बसलेले वृद्ध हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

कॅप्सूल हॉटेलचं कौतुक आपल्याकडे फार. पहिलं १९७९मध्ये ओसाकाच्या उमेदा भागात निघालं, आराखडा किशो कुरोकावा या नामांकित वास्तुरचनाकाराचा. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदारांची ती सोय होती. एक रात्र हौसेने झोपावं. सॅकचा पसारा घेऊन चार रात्री काढायची ती जागा नाही.

जेवणाचं काय, हा मराठी माणसाचा पहिला प्रश्न, आणि इथे सगळी स्वस्त प्रवासाची पुस्तकं तोंडघशी पडतात. त्यांची ठरलेली शिफारस असते ग्यूदोन, पाचशे येनांच्या आतबाहेरचं. तो गोमांस-भात असतो. शाकाहाऱ्याची गोष्ट याहून अवघड, कारण माशाचा अर्क सूपमध्येच नाही तर भाजीच्या रश्शातही असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही. त्यातल्या त्यात वाटा अशा : ‘साइझेरिया’ या इटालियन साखळीत साधा चीज-टोमॅटोचा पिझ्झा चारशे येनांच्या घरात मिळतो, ‘कोको इचिबान्या’च्या बऱ्याच शाखांत वेगळी शाकाहारी करी असते, पण ती नाव घेऊन मागावी लागते. आणि सगळ्यांत भरवशाचं म्हणजे सुपरमार्केटमधला तयार भाताचा डबा, मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं, वर घरून नेलेलं मेतकूट.

मासे चालणाऱ्यांची मात्र चंगळ. त्यांनी संध्याकाळी सातनंतर सुपरमार्केट गाठावं. सुशी, तळलेले मासे, बेंतो म्हणजे तयार जेवणाचे डबे यांच्या फडताळाशी एक कर्मचारी लेबलांचं यंत्र घेऊन येतो. आधी वीस टक्के, मग तीस, आणि दुकान बंद व्हायच्या तासभर आधी अर्ध्या किमतीचं लाल-पिवळं लेबल. त्या शेवटच्या फेरीची लोक वाट बघत असतात, पण बघत नसल्यासारखी. एक आजी पाच मिनिटं सोया सॉसच्या बाटल्या वाचते. एक टायवाला दह्याशी घुटमळतो. लेबल लागायच्या आधी डबा उचलून हातात धरून उभं राहणं शिष्टसंमत नाही. ते चिकटलं की दोन मिनिटांत फडताळ रिकामं.

शिन-इमामियाहूनच नानकाई कंपनीची गाडी कोयासानच्या डोंगराकडे जाते. ही खासगी रेल्वे, म्हणून वेगळं तिकीट. कुकाई या भिक्षूने ८१६ साली इथे मठ स्थापला. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात २०१५पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झालं होतं. मठांतली निवासव्यवस्था दहा हजार येनांच्या वरची. शाकाहाऱ्याला डोळे मिटून जेवता येईल असं जेवण जपानात मिळतं ते या मठांत, त्यामुळे कुठेतरी पैसे सैल सोडायचे तर माझ्या मते इथे सोडावेत. नाहीच जमलं तर दिवसात जाऊन यावं. देवदारांखाली दोन लाखांवर थडगी असलेल्या ओकुनोइन दफनभूमीला तिकीट नाही.

ओसाकाहून पश्चिमेला निघालं की ओकायामा लागतं. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलेल्यांना इथली कोराकुएन बाग ओळखीची वाटेल. पुण्यातलं ते उद्यान हिच्याच नमुन्यावर झालंय. इथे गाडी बदलून सेतो पूल ओलांडायचा. १९८८मध्ये झालेल्या या पुलावर वरून मोटारी आणि खालून रेल्वे जाते. ‘मरीन लाइनर’ रॅपिड गाडीला अठराचं तिकीट चालतं. पलीकडे शिकोकू बेट, आणि तिथे कुकाईच्याच नावाने चालणारी ८८ मंदिरांची प्रदक्षिणा, सुमारे १,२०० किलोमीटर. पायी पूर्ण करायला चाळीस-पन्नास दिवस लागतात. एवढे दिवस सगळ्यांकडे नसतात, म्हणून बांदो स्टेशनला उतरून पहिली दहा मंदिरं दोन दिवसांत चालावीत. वाटेत लोक यात्रेकरूला संत्री, चहा, क्वचित सुटी नाणी देतात; वारीच्या वाटेवर गावोगावी पुढे येतो तसाच हा हात, आणि तो नाकारायचा नसतो. बदल्यात आपलं नाव लिहिलेली कागदाची पट्टी द्यायची. काही गावांत यात्रेकरूंसाठी फुकटात पाठ टेकायची जागाही असते. फुकट आहे म्हणून दौऱ्याच्या हिशेबात ती आधीच धरून चालणारे महाभाग असतात, त्यांच्यामुळे अशा जागा बंद पडतात.

परत ओकायामा, हिरोशिमा. मियाजिमा बेटाची जेआरची फेरी अठराच्या तिकिटात येते, बेटावर उतरण्याचे १०० येन तेवढे वेगळे. मग किनारा धरून शिमोनोसेकी. इथे होन्शू बेट संपतं.

इथून पुढे, जपानबाहेर बोटीने जायच्या वाटा एकेक करून बुजत चालल्या आहेत. ओसाका आणि कोबेहून शांघायला जाणाऱ्या बोटींनी २०२०च्या साथीत प्रवासी घेणं थांबवलं. साकाइमिनातोहून व्लादिवोस्तोकला, म्हणजे थेट ट्रान्स-सैबेरियन रेल्वेच्या तोंडाशी सोडणारी बोट त्याच सुमारास गेली. हाकाता बंदरातून कोरियातल्या बुसानला १९९१पासून पळणारी ‘बीटल’ बोटही गेली, जहाजात पाणी शिरत असताना ते दडवून फेऱ्या चालू ठेवल्याचं २०२४मध्ये उघड झालं आणि त्या वर्षअखेरीस कंपनीने कायमचा पडदा पाडला. उरली ती मुख्यतः शिमोनोसेकी-बुसान रात्रीची बोट आणि हाकाताची ‘कॅमेलिया’. स्वस्त विमानं आहेत, २०१२पासून उडणारी ‘पीच’ आहे, पण तिथे सॅकचं वजन भाडं ठरवतं.

शिमोनोसेकीची वाट १९०५ची. कोरिया जपानच्या ताब्यात असताना हजारो कोरियन मजूर याच मार्गाने आणले गेले. युद्धानंतर बंद पडलेली वाट १९७०मध्ये पुन्हा उघडली. एक जपानी आणि एक कोरियन जहाज आळीपाळीने रोज रात्री सुटतं. स्टेशनपासून धक्का चालत दहा मिनिटांवर. सगळ्यांत स्वस्त वर्गात गालिचा घातलेली मोकळी खोली, भिंतीशी गाद्या-उशांची चळत. ज्याने आधी गादी टाकली त्याचा कोपरा. या मार्गाच्या जुन्या मानकरी म्हणजे दोन्हीकडचा माल गाठोड्यांतून नेणाऱ्या कोरियन बायका. त्यांची संख्या आता घटलीय, पण भेटल्या तर कोपरा त्यांचाच समजावा. जहाजावर गरम पाण्याचं न्हाणीघर असतं, तिथे बोट सुटण्याआधी जाऊन यावं, नंतर रांग लागते.

कोरियाचा व्हिसा भारतातूनच हातात असला पाहिजे. नसेल तर तिकीट खिडकीवरच अडवतात. आणि विमानाचं तिकीट काढताना जायचं तोक्यो, यायचं सोल असं काढावं, म्हणजे जपानचा व्हिसा एका प्रवेशाचा पुरतो आणि मागे फिरायचा खर्च वाचतो. सकाळी आठला बुसान येतं. बंदराशेजारीच रेल्वे स्टेशन आहे. केटीएक्स गाडी जवळपास ६०,००० वॉन घेऊन तीन तासांच्या आत सोलला पोचवते. मुगुंगह्वा ही साधी गाडी साडेपाच तास घेते आणि निम्म्याहून कमी पैसे. शनिवार-रविवारी तिच्या जागा आधीच भरलेल्या असतात, पण उभ्याने जायचं तिकीट देतात, आणि मधल्या गावांत माणसं उतरू लागली की बसायला मिळतं.