कागदावरची जुळी

जुन्या रेडिओचं झाकण काढलं की मी आधी बॅटरीचं कोणतं टोक ग्राउंडला आहे ते बघतो. प्लस असेल तर आत बहुधा जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर: ओसी ७१, ओसी ७२, एसी १२८. १९५० च्या दशकात तेच करायला सोपे होते. एन प्रकारच्या जर्मेनियमच्या पातळ चकतीवर दोन्ही बाजूंनी इंडियमचे ठिपके ठेवून तापवायचं. इंडियम मुरलं की दोन पी थर तयार, मध्ये उरलेला एन म्हणजे बेस.

कॉलेजात एनपीएन एसएल १०० आणि पीएनपी एसके १०० हाताळून आलेल्या मुलांना वाटतं, एमिटरचा बाण उलटा, बॅटरी उलटी, की संपला फरक. सर्किट सोडवायला तेवढं पुरतं. पण बेस ओलांडून जातं कोण? एनपीएनमध्ये इलेक्ट्रॉन, पीएनपीमध्ये होल. होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा. ती सरकायची तर शेजारच्या इलेक्ट्रॉनने तिथे यावं लागतं. शुद्ध सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन होलच्या जवळजवळ तिप्पट चपळ असतात. सिलिकॉन आलं तसा एनपीएन पुढे गेला.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटला हा फरक कानाने ऐकू येतो. १९५३ मध्ये आरसीएतल्या जॉर्ज सिक्लाईंनी दाखवलं की दोन्ही प्रकार एकत्र जोडले तर लाटेचा वरचा अर्धा भाग एनपीएन उचलतो, खालचा पीएनपी, आणि ट्रान्सफॉर्मर लागतच नाही. केवढी सुंदर कल्पना! पण सिलिकॉनचे दणकट पीएनपी बरीच वर्षं महाग होते. मग आउटपुटला दोन्ही टूएन ३०५५च लावायचे आणि खालच्याला चालवायला एक छोटा पीएनपी, अशी तडजोड निघाली. तीत वरच्या बाजूला सिग्नलला दोन जंक्शन लागतात, खालच्या बाजूला एकच. आवाज अगदी हळू केला की लाटेच्या सांध्यावरची ती विषमता मला जाणवते.

आता ३०५५ ला एमजे २९५५ हा जोडीदार सहज मिळतो. तरी नुसत्या नंबरावर मी जोडी लावत नाही. मल्टिमीटर डायोड रेंजवर ठेवून लाल प्रोब बेसला लावला आणि काळ्याने उरलेल्या दोन्ही टोकांवर ०.६ च्या आसपास दाखवलं, तर तो एनपीएन; काळा बेसला लावून तसंच दिसलं तर पीएनपी. गेन मात्र वेगळा मोजावा लागतो, तोही दोन-तीन वेगवेगळ्या करंटला, कारण एका ठिकाणी जुळलेली जोडी करंट वाढला की फाकते. ज्यांचे आकडे शेवटपर्यंत जवळ राहतात, तेच दोघे मी हीटसिंकवर चढवतो.