मखर आणि पिशवी

मुलीला पहिल्यांदा पाळी आली की ती ‘शहाणी झाली’ असे म्हणण्याची रीत मराठीत जुनी आहे. ज्या गोष्टीविषयी त्या मुलीला बहुधा कोणी अवाक्षरही सांगितलेले नसते तिला शहाणपणाचे नाव मिळावे, यातला उपरोध मात्र भाषेने मनावर घेतलेला दिसत नाही. ‘न्हाण आले’, ‘पदर आला’ हे शब्द याच घराण्यातले. दुसऱ्या बाजूला ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’ हे शब्द, ज्यांत शरीराचा उल्लेखच टाळलेला आहे. इकडे कौतुक, तिकडे विटाळ, म्हणजे स्पर्शाने दुसऱ्याला लागते असे मानलेली अशुद्धी. पण रक्त कोठून येते, किती येते आणि का येते, याचा पत्ता दोन्हीकडे लागत नाही.

पाळीविषयीच्या शिक्षणात अलीकडे ‘शरीराचा अभिमान’ हा शब्द आवर्जून वापरला जातो. तो स्वीकारण्यापूर्वी मखराची आठवण ठेवलेली बरी. बालविवाहाच्या काळात न्हाण आलेल्या मुलीला सजवलेल्या मखरात बसवून, तिची ओटी भरून, गोडधोड करून सोहळा होत असे आणि त्याची सांगता गर्भाधानात, म्हणजे पतिपत्नींच्या पहिल्या शरीरसंबंधाच्या संस्कारात होई. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलींची वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली, तेव्हा उठलेल्या गदारोळात एक प्रमुख आक्षेप असा होता की, बाराव्या वर्षाआधी ऋतुप्राप्ती झाल्यास हा संस्कार वेळेवर करता येणार नाही. मखरात मुलगी बसे, मुहूर्त मात्र इतरांच्या सोयीचा असे. त्यामुळे गौरव झाला की देहाची मालकी आपोआप मिळते, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

विटाळाच्या बाजूचा इतिहास अधिक परिचित आहे, तरी त्यातही विसरलेल्या जागा आहेत. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी आवडीने खाल्ली जाणारी, बैलाच्या श्रमाविना पिकलेल्या भाज्यांची ऋषीची भाजी ज्या ऋषिपंचमीच्या व्रताची आहे, ते व्रत रजस्वला असताना कळत नकळत घडलेल्या स्पर्शदोषाचे प्रायश्चित्त म्हणून सांगितलेले आहे. पानावर बसलेल्या पुरुषांना तर याची बहुधा कल्पनाही नसते. चोखामेळ्यांच्या पत्नी सोयराबाई यांनी चौदाव्या शतकात, विटाळ देहातच उपजत असेल तर सोवळा कोण, अशा आशयाचा प्रश्न अभंगातून विचारला होता. जातीचा आणि बाईपणाचा असे दोन्ही विटाळ वाट्याला आलेल्या स्त्रीने तो विचारावा, हे स्वाभाविकच होते. पुढे र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून शरीराविषयी शास्त्रीय भाषेत लिहिण्याचा हट्ट धरला आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले.

शास्त्र तसे साधे आहे. उलट्या पेरूच्या आकाराच्या, सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीच्या गर्भाशयाचे आतले अस्तर दर महिन्याला जाड होते आणि गर्भ न राहिल्यास रक्तासह गळून पडते; एका पाळीत जाणारे रक्त सामान्यतः दोन ते तीन मोठे चमचे असते आणि प्रौढ स्त्रीच्या बाबतीत एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत २१ ते ३५ दिवस जाणे स्वाभाविक मानले जाते. एवढे ठाऊक असलेल्या बाईला आपले नेहमीचे काय आणि बिघडलेले काय हे ओळखता येते, आणि ते ओळखता न येण्याची किंमत किती मोठी असू शकते हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांकडे वळावे लागते.

ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधी ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि हंगामभर फडात राबून ती फेडायची. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ पडतो आणि त्याचा दंड भरावा लागतो. कोपीला, म्हणजे तात्पुरत्या झोपडीला, न्हाणीघर नसते, शौचालय नसते, पाणी लांबून आणावे लागते. अंगावरून जाते, ओटीपोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कित्येक बायकांना, पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असे भय घातले गेले. ‘पिशवी’ हा गर्भाशयाला बोलीत रुळलेला शब्द. पिशवी म्हटली की ती रिकामी झाल्यावर टाकून देण्याची वस्तू वाटते, आणि मुले झालेल्या बाईला ती तशीच वाटावी अशी सोय त्या शब्दात आहे. राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या २०१९ मधील पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहांतल्या एकीचे. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरात साधारण तीन होते. शस्त्रक्रियेने खाडा टळला असेल. पण जिथे गर्भाशयाबरोबर अंडाशयेही गेली, तिथे तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती, हाडांची झीज आणि अंगाची आग ही दुखणी मागे लागली. केवळ माहितीने उचल फिटत नाही, हे खरे. तरीही डॉक्टरला ‘का?’ असे विचारण्याएवढा आधार त्या माहितीने मिळाला असता.

सर्वसमावेशक शिक्षण म्हणजे वर्गात सर्वांना बसवणे, एवढाच अर्थ घेतला तर अभिमानाचा प्रश्न तसाच राहतो. पाळी म्हणजे स्त्रीत्वाचा उत्सव, असे सांगणारा धडा जन्मतः गर्भाशय नसलेल्या मुलीला वगळतो, आणि पाळी येणाऱ्या पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणाऱ्या पारलिंगी व्यक्तीला तर धड्याबरोबर स्वच्छतागृहही वगळते, कारण पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबाही बहुधा नसतो. अभिमान रक्ताला न बांधता शरीराच्या ओळखीला बांधला, तर या सर्वांना त्यात जागा होते.

ही ओळख प्रत्येकीला एकाच वाटेने होत नाही. अंध मुलींना पाळी शिकवताना तर चित्रफितीचा आणि लाल ठिपक्यांच्या तक्त्याचा उपयोगच नसतो. कोरडे आणि ओले कापड बोटांनी ओळखणे, वासातला फरक टिपणे, पॅडची चिकट बाजू चाचपून कोणती ते ठरवणे, दोरीला रोज एक गाठ मारून दिवस मोजणे, अशा वाटांनी हे शिक्षण द्यावे लागते, आणि गर्भाशय कसा असतो हे सांगायला शाडूचा एक गोळा घडवून हातात ठेवावा लागतो. मुलगी तो फिरवून पाहते, दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि त्यांच्या टोकाशी असलेली बदामाएवढी अंडाशये चाचपते, आणि मग बोटे आपल्याच ओटीपोटावर नेऊन गर्भाशय नेमका कुठे असेल याचा अंदाज घेते.